अण्णांचा शांत तास

आजारी पडणं हा सरकारच्या लेखी आयुष्यातला बदल नव्हता. लग्न हा बदल होता, मूल होणं होता, नोकरी सुटणं, जिल्हा सोडणं, इतकंच काय, घटस्फोटसुद्धा होता. यातलं काहीही घडलं, तर सरकारी ‘आरोग्यहाट’ या संकेतस्थळावर घेतलेली विमा योजना मध्येच बदलता येत होती. वृषालीने ते पान फोनवर वरपासून खालपर्यंत तिसऱ्यांदा वाचलं आणि फोन पालथा घातला. शेजारी बाकावर तिचे वडील, हणमंत सुतार, दम खात बसले होते. दवाखान्याच्या पायऱ्या होत्या पंधरा, आणि तेवढ्या चढताना अण्णांना दोनदा थांबावं लागलं होतं.

डॉक्टर मुजावर बाईंनी नुकतंच जे सांगितलं, त्यात आडपडदा नव्हता. अण्णांची फुप्फुसं कडक होत चालली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हार्मोनियमच्या पितळी रीड खरवडताना उडणारा कीस आणि लाकडाचा भुसा छातीत जाऊन बसला होता. पण आता त्यावर इलाज निघाला होता. माणसाच्याच चार पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि फवाऱ्याने परत फुप्फुसात सोडायच्या. त्या तिथे रुजतात आणि नवी मऊ उती तयार करतात.

“फक्त निम्म्याच्या वर भाग कडक झाला, की त्यांना रुजायला जागा राहत नाही,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “तुमच्या हातात चार महिने आहेत, काका. फवारा ‘विस्तृत’ योजनेत बसतो. तुमची ‘मूळ’ आहे. तेवढी बदलून घ्या आणि लगेच या.”

तेवढी बदलून घ्या. जणू दुकानात जाऊन चपलेचा नंबर बदलून आणायचा होता. हाटावर नाव नोंदवल्यानंतर मनासारखी योजना बदलायला तीस दिवस मिळत, आणि ते दिवस संपून सहा महिने उलटले होते. पुढचा खुला हंगाम एप्रिलमध्ये, म्हणजे अजून आठ महिन्यांनी. आणि या सगळ्यात वृषालीला खरी टोचणी लागली होती ती वेगळीच. अण्णांसाठी ‘मूळ’ योजना निवडून ‘कायम करा’वर बोट ठेवणारी ती स्वतःच होती.

तसं करण्यात तिचा काही गाढवपणा नव्हता. हाटावर योजना निवडण्याआधी प्रत्येकाला घरी एक बिल्ला येई, रुपयाएवढा, छातीच्या मधोमध चिकटवायचा. सात दिवस, रोज एक तास. हा बिल्ला श्वास ऐकायचा. फुप्फुसाच्या भिंती ताठर होऊ लागल्या की दर श्वासाला आत फार बारीक करकर होते, डॉक्टरांच्या नळीला ऐकू न येणारी आणि क्ष-किरणांत न दिसणारी. बिल्ल्यामागच्या यंत्राला ती ऐकू येई. त्याने नव्वद लाख छात्या ऐकल्या होत्या, आणि त्यातल्या कुणाला पुढे काय झालं हेही त्याला माहीत होतं. त्यावरून ते पुढच्या पाच वर्षांचा अंदाज सांगे, आणि तो सहसा चुकत नसे. अण्णांच्या बाबतीत त्याने कळवलं होतं: ‘परिधारक पुरुष, वय अंदाजे एकतीस, फुप्फुसे उत्तम.’ एकोणसत्तर वर्षांच्या अण्णांनी तो निकाल अख्ख्या सोमवार पेठेला ऐकवला होता. एकतीस वर्षांच्या फुप्फुसांना ‘विस्तृत’ योजना कशाला हवी, असं वृषालीला वाटलं, तर त्यात नवल नव्हतं.

दुकानात परत आल्यावर अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकले. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीला पेट्या, पेट्यांवर भजनी मंडळांच्या नावांच्या चिठ्ठ्या, आणि सगळीकडे पॉलिशचा वास. कराडपासून पाटणपर्यंतच्या मंडळांची पेटी बिघडली, की ती हणमंत मिस्त्रींकडेच यायची. मिस्त्रींच्या कानाची ख्याती तशी होती.

“एक वाट आहे,” वृषाली म्हणाली. “तुम्ही लग्न करा. लग्न झालं की योजना बदलता येते.”

“हितं जिना चढवंना, वरातीत चालू कसा?” अण्णा म्हणाले. तेवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

“मग पत्ता बदलू. सांगलीला सुनंदा आत्याच्या घरचा देऊ. जिल्हा बदलला की झालं.”

“खोट्या पत्त्यावर खरा श्वास घ्यायचा व्हय? न्हाई जमायचं.”

ते एकदा न्हाई म्हणाले की संपलं, हे वृषालीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने पुन्हा नियम काढले. शेवटून तिसऱ्या ओळीत, कुणी वाचू नये अशा अक्षरांत लिहिलं होतं: ‘मूळ नोंद सदोष असल्याचे सुनावणीत सिद्ध झाल्यास योजना बदलता येईल.’ त्याखाली आणखी एक ओळ होती. आपल्या छातीचा मूळ ध्वनी मागवण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला होता. आजवर तो किती जणांनी मागवला असेल कोण जाणे, पण वृषालीने मागवला.

ध्वनी आला तो आठ दिवसांनी. वृषाली कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होती. दुपारच्या सुट्टीत तिने प्रयोगशाळेचं दार लोटलं, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले. हवा आत, हवा बाहेर. स्वच्छ, भरदार, कुठे करकर नाही. एकतीस वर्षांचा गडी झोपला असावा असा श्वास. तिचा धीर सुटायला लागला. यंत्र बरोबरच होतं म्हणायचं, आणि आजार नंतर आला होता.

मग तिच्या बोटांनी आपोआप टेबलावर ठेका धरला. तीन लांब, एक आखूड. तीन लांब, एक आखूड. ती ताडकन उठून उभी राहिली. जगात कुठलाही माणूस असा श्वास घेत नाही. पण एक माणूस असा भाता मारतो. तीन वेळा पूर्ण, चौथ्यांदा अर्धा, कारण चौथ्या वेळी त्याचं लक्ष रीडकडे गेलेलं असतं. त्या ठेक्यावर ती पाळण्यात झोपली होती आणि त्याच ठेक्यावर दहावीचा अभ्यास केला होता. नव्वद लाख छात्या ऐकलेल्या यंत्राने अण्णांची छाती ऐकलीच नव्हती. त्याने पेटीचा भाता ऐकला होता.

संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा अण्णा रीड पुसत होते.

“अण्णा, बिल्ला कोणत्या वेळी लावत होता?”

“कागदावर लिवलं हुतं तवा. शांत तासाला.”

माहितीपत्रकात लिहिलं होतं, की दिवसातला अगदी शांत तास निवडा, दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, कुणाशी बोलू नका. असा तास हणमंत मिस्त्रींच्या दिवसात एकच होता, पेटी जुळवण्याचा. त्या तासाला दुकानाचं दार बंद असे आणि आजूबाजूची पोरंसोरंसुद्धा ओरडत नसत. सरकारच्या मनात शांत बसणारा माणूस होता. मिस्त्रींना मात्र कामाशिवायचा शांत तास असतो हेच माहीत नव्हतं.

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. वृषालीने बिल्ल्याची सगळी माहिती वाचून काढली होती. त्याला दोन कान होते. बाहेरचा कान खोलीतला आवाज टिपायचा आणि तो वजा करायचा. सूर, गाणं, बोलणं यंत्र ओळखून गाळून टाकायचं. शेजारी वाजणारी पेटी त्याला कधीच फसवू शकली नसती. हाडांमधून आलेला हवेचा आवाज तेवढा ते माणसाचा श्वास धरायचं.

“तुम्ही छाती पेटीला टेकवून बसता?” तिने विचारलं.

अण्णांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी ते घडी घालून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “सा वर्सं झाली.”

त्यांचा कान गेला होता. पार बहिरे झाले नव्हते, पण दोन रीडमधला केसाएवढा फरक कळायला जो कान लागतो, तो राहिला नव्हता. दोन रीड जवळजवळ सारख्या वाजल्या, की आवाजात एक लाट उठते. फरक मोठा असला तर लाट भरभर येते, कमी झाला की सावकाश होते आणि सूर जुळला की थांबते. ही लाट कानाने कळेनाशी झाली, तेव्हा अण्णांनी पेटीच्या कडेला छातीचं हाड टेकवलं. तिथे ती लागली. सहा वर्षं ते छातीने सूर जुळवत होते, आणि एकाही मंडळाची एकही तक्रार आली नव्हती. वृषालीला रडूही आलं आणि अभिमानही वाटला.

“हे तिथं बोलायचं न्हाई,” अण्णा म्हणाले. “मिस्त्री बहिरा झाला म्हटल्यावर उद्या कोण पेटी टाकंल हितं? जीव गेला तर जाऊ दे. नाव हाय ते ऱ्हाऊ दे.”

“तुमचा जीव जाऊ द्यायचा आणि मी गप्प बसायचं?”

“पेटी शेजारी हुती म्हणून सांग. तेवढं पुरं हाय.”

पुरं नाही हे तिला माहीत होतं. तरी तिने मान डोलावली, कारण त्यांना धाप लागली होती.

सुनावणी साताऱ्याला होती, सकाळी अकराला. वृषालीने दुकानातून मुद्दाम एक पेटी घेतली होती, काले गावच्या मंडळाची, आदल्याच दिवशी आलेली आणि अजून न उघडलेली. सुनावणी अधिकारी निंबाळकर मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. विमा कंपनीकडून देसाई नावाचा तरुण आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मनाने मात्र तो वाईट नव्हता. त्याने उठून अण्णांना खुर्ची दिली.

वृषालीने ध्वनी ऐकवला. तीन लांब, एक आखूड. हा भात्याचा आवाज आहे, तेव्हा पेटी शेजारीच वाजत होती, असं तिने सांगितलं.

“मॅडम, शेजारचा आवाज यंत्र वजा करतं,” देसाई म्हणाला. “मी दाखवतो.” त्याने स्वतःच्या छातीला बिल्ला चिकटवला. “पाच मिनिटांची झटपट तपासणी लावलीय. ताई, तुम्ही वाजवा.”

वृषालीने त्याच्यापासून दोन हातांवर पेटी ठेवून भाता मारला आणि सगळ्या पट्ट्या दाबल्या. पाच मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली: ‘पार्श्वध्वनी वगळला. परिधारक पुरुष, वय अंदाजे अठ्ठावीस, फुप्फुसे उत्तम.’

“मला परवाच अठ्ठावीस पूर्ण झाली,” देसाई जरा अवघडून म्हणाला. “काकांना बरं वाटावं असं मलाही वाटतं. पण आजार नंतर झाला, म्हणून आधीची नोंद चुकीची ठरत नाही. नोंदीत दोष कुठे आहे?”

मॅडमनी वृषालीकडे पाहिलं. “आणखी काही मांडायचं आहे?”

वृषालीच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोललं की अण्णा वाचणार होते, आणि तेच बोलणार नाही असा शब्द तिने दिला होता. तिने अण्णांकडे पाहिलं. अण्णा पेटीकडे पाहत होते. मग ते टेबलाचा आधार घेत उठले.

“मला मांडायचंय,” ते म्हणाले. “मॅडम, मी हणमंत सुतार, पेटीवाला. मला ऐकू येत न्हाई.”

देसाईने चमकून वर पाहिलं.

“म्हंजे तुमचं बोलणं येतंय. सुराचं बारीक येत न्हाई. सा वर्सं मी छातीनं पेटी जुळवतोय. ही पोरगी बोलायची न्हाई, मीच तिला गप केलीया. बिल्ला द्या हिकडं, करून दाखवतो.”

त्यांनी बिल्ला लावला, पेटीचं झाकण काढलं आणि कडेवर छाती टेकवून बसले, एखाद्या बाळाला छातीशी धरावं तसे. डाव्या हाताने भाता सुरू झाला. तीन लांब, एक आखूड. उजवं बोट एकेका पट्टीवरून सरकू लागलं. डोळे मिटलेले होते. खोलीत पंखासुद्धा कुणीतरी बंद केला होता. वृषालीला वाटलं, आपण परत आपल्या दुकानात आहोत.

एका पट्टीवर बोट थांबलं. “ही गंधाराची रीड,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “केसभर उतरलीय. बाकी सप्तक बरं हाय.”

देसाईने फोनवर सूर मोजायचं ॲप उघडलं आणि पेटीजवळ धरलं. मधला गंधार खरंच उतरला होता, आणि फरक केसाएवढाच होता. त्याने फोन मॅडमना दाखवला.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: ‘परिधारक पुरुष, वय अंदाजे एकतीस, फुप्फुसे उत्तम.’

निंबाळकर मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. “देसाई, समोर बसलेले गृहस्थ तुम्हाला एकतीसचे वाटतात?”

“पेटी एकतीसची असंल,” अण्णा म्हणाले. “भाता मी गेल्या साली बदललाय, ह्या मंडळाचा.”

पहिल्यांदा हसला तो देसाईच. मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फसला. मग त्यांनी अण्णांना पेटीपासून लांब, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं आणि तोच बिल्ला पुन्हा पाच मिनिटं चालवला. या वेळी आला तो खरा निकाल: ‘वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, फुप्फुसांत काठिण्य, तातडीने उपचार आवश्यक.’ वृषालीने डोळे पुसले. इतका वाईट निकाल ऐकून माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

आदेश तिथल्या तिथे लिहिला गेला. मूळ नोंद सदोष, अर्जदारास आजपासून ‘विस्तृत’ योजनेत जाता येईल. कंपनीचा आक्षेप नाही, असं देसाईने स्वतःच्या हाताने लिहिलं. मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कामाला छाती टेकवणारे एकटे मिस्त्रीच असतील कशावरून, असं त्या म्हणाल्या. धातूवर ठोके घालणारे असतील, लेथवर लाकूड धरणारे असतील, पोटाशी धरून चामडं शिवणारे असतील. जिल्ह्यातल्या अशा सगळ्या कारागिरांच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात आणि बिल्ल्यासोबतच्या अर्जात एक प्रश्न वाढवावा, अशी शिफारस त्यांनी आदेशाखाली जोडली. प्रश्न होता: ‘बिल्ला लावला होता तेव्हा तुम्ही काय करत होता?’

बाहेर पडल्यावर अण्णांनी रिक्षा थांबवायला लावली आणि कंदी पेढ्यांचे दोन पुडे घेतले. कराडात उतरल्यापासून ते घरापर्यंत भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवत गेले.

“कशाचे पेढे, मिस्त्री?”

“नापास झालो,” अण्णा सांगत होते, आणि प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवत होते. कान गेल्याचीसुद्धा. वृषाली मागून पेटी धरून चालत होती आणि लोकांच्या चेहऱ्यांकडे धास्तीने बघत होती. गणपतीच्या चौकात काले मंडळाचे बुवा भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, “मग आमची पेटी कधी मिळंल? गंधार तेवढा वर घ्या.” अण्णांनी बुवांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

फवारा दीड महिन्यात तीन वेळा देण्यात आला. त्या काळात दुकान वृषालीने सांभाळलं, कॉलेज सुटल्यावर, तोंडाला मास्क लावून. अण्णांनी तिला पेटीला छाती कशी टेकवायची ते शिकवलं. तिचे कान शाबूत होते, तरी तिलाही लाट आधी छातीतच लागायला लागली. दुकानावर नवी पाटी चढली. ती अण्णांनीच रंगवून घेतली होती: ‘येथे पेटी छातीने जुळवून मिळेल.’ पाटी बघायला म्हणून चार जण आत येत आणि जाताना पेटी टाकून जात.

डिसेंबरात पुन्हा बिल्ला आला, उपचारानंतरच्या तपासणीचा. या वेळी वृषालीने दुकानाला बाहेरून कडी घातली आणि अण्णांना घरी खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवून. सात दिवस, रोज एक तास. अण्णांची बोटं चुळबुळत, पाय हलत, पण ते बसून राहिले. आयुष्यात एवढं कष्टाचं काम केलं नव्हतं, असं ते नंतर सांगायचे.

निकाल घ्यायला दोघं दवाखान्यात गेले. पंधरा पायऱ्या अण्णा एका दमात चढले, आणि वर जाऊन वृषालीचीच वाट बघत उभे राहिले. डॉक्टर मुजावर बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला: ‘परिधारक पुरुष, वय अंदाजे एकोणसत्तर.’

“आता बरोबर ओळखलं,” अण्णा म्हणाले.

“अर्ज तेवढा भरायचा राहिलाय, काका,” डॉक्टर म्हणाल्या. “नवा प्रश्न आहे यात. बिल्ला लावला होता तेव्हा तुम्ही काय करत होता?”

अण्णांनी छाती भरून हवा आत घेतली, सगळी, तळापर्यंत, आणि सावकाश सोडली.

“काय न्हाई,” ते म्हणाले. “नुसता श्वास घेत हुतो.”